मतमोजणीनंतरची लोकशाही

७ एप्रिल २०१८ हा दिवस केडगावकर सहजासहजी विसरणार नाहीत. अहमदनगर महानगरपालिकेच्या (शहराचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे) केडगाव भागातील एका प्रभागाची पोटनिवडणूक होती. त्या दिवशी मतमोजणी होऊन निकाल लागला. निवडणूक म्हणून जे काही करावयाचे असते ते सारे पार पडले होते. संध्याकाळी शिवसेनेच्या दोन स्थानिक कार्यकर्त्यांवर गोळ्या झाडण्यात आल्या, शस्त्रांनी वार करण्यात आले आणि त्यात त्या दोघांचाही मृत्यू झाला. संतप्त जमावाने कित्येक तास मृतदेह हलवू दिले नाहीत, दगडफेक झाली. दुसरीकडे, चौकशीसाठी एका आमदारांना जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात नेले असता त्यांच्या समर्थकांनी त्या कार्यालयातच घुसून मोडतोड केली. दोन्ही बाजूंच्या शेकडो लोकांवर गुन्हे दाखल झाले. खुनाच्या फिर्यादीत कोणाची नावे आली आणि त्यात कोण दोषी, हा न्यायालयाचा विषय आहे. त्यात आपण पडण्याचे कारण नाही.

आपण पाहावयाचे आहे ते वेगळेच. ही पोटनिवडणूक एका प्रभागातील एका जागेची होती. नळाचे पाणी, गटारे, रस्त्यावरचे दिवे, एवढाच त्या पदाचा पसारा. मतदान शांततेत झाले, मोजणी झाली, कोण निवडून आले हे सर्वांना कळले, आणि रक्त सांडले ते त्यानंतर. म्हणजे मतपेटीने ज्या प्रश्नाचे उत्तर देऊन टाकले होते, तोच प्रश्न कोणीतरी शस्त्राने पुन्हा विचारला.

त्यानंतर काही दिवस चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये, एस.टी.च्या थांब्यावर जे बोलणे चाले ते या लेखकाने ऐकले आहे. वाचकांनीही ऐकले असेल. हळहळ सर्वांनाच होती. परंतु हळहळ व्यक्त करून झाली की पुढचे वाक्य यायचे, "राजकारण म्हटले की हे चालायचेच." दुसरा म्हणायचा, "त्यांनी तरी आधी काय कमी केले होते?" तिसरा आवाज खाली करून विचारायचा, "मारणारे कोणाच्या गटाचे?" आणि उत्तर कळल्यावर मग किती वाईट वाटून घ्यावयाचे ते ठरवायचा. गोळी झाडणारे हात पाच-दहा असतात. ही तीन वाक्ये बोलणारी तोंडे मात्र हजारो असतात, आणि तीच माणसे मतदानाच्या दिवशी उन्हात रांगेत उभी असतात. म्हणून त्यांना लोकशाहीचे शत्रू म्हणता येत नाही. त्यांना मतदान मनापासून हवे आहे. मतदानाबरोबर जी बंधने येतात ती मात्र आपल्या गटाला लागू नसावीत, असे त्यांना वाटते.

हे केवळ केडगावचे नाही. ५ जून १९७० रोजी मुंबईत लालबाग येथे कम्युनिस्ट पक्षाचे आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्यांच्या जागेसाठी त्याच वर्षी पोटनिवडणूक झाली. देसाई यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या आणि पराभूत झाल्या. शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून येऊन त्या पक्षाचे पहिले आमदार झाले. ज्यांनी मते दिली त्यांनी खुनाला मते दिली असे म्हणणे अन्यायाचे होईल. मतदार शंभर कारणांनी मत देतो. तरी एका गोष्टीची नोंद घ्यावी लागते. आपला लोकप्रतिनिधी मारला गेला, ही घटना त्या मतदारसंघाला आपले मत ठरविताना निर्णायक वाटली नाही.

अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०१७ साली अनेक देशांत लोकमताची पाहणी केली. संसद व न्यायालये यांचा अडथळा न येता निर्णय घेणारा बलवान नेता असावा, ही कल्पना भारतातील ५५ टक्के उत्तरदात्यांना चांगली वाटली. लष्करी राजवट चांगली म्हणणारे ५३ टक्के निघाले. २०२३ च्या पाहणीत बलवान नेता पसंत करणाऱ्यांचे प्रमाण ६७ टक्क्यांवर गेले. पाहणीचे आकडे जपूनच घ्यावेत, प्रश्न कसा विचारला यावर उत्तर बरेच अवलंबून असते. परंतु टपरीवरच्या त्या तीन वाक्यांशी हे आकडे जुळतात, हे नाकारता येत नाही.

विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासवर्गात हा विषय निघाला असता एका मुलाने सरळ विचारले, "सर, सनदशीर मार्गाने आपल्याला काय मिळाले? मार खाणारे आपण आणि कायदा पाळणारेही आपणच." वर्गात एकदम शांतता पसरली, कारण प्रश्न पुष्कळांच्या मनातला होता. त्या दिवशी दिलेले उत्तर अपुरे होते. या लेखात ते थोडे नीट मांडण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम महाडचा सत्याग्रह घेऊ. आपण दरवर्षी तो साजरा करतो, पण त्यातील घटनांचा क्रम फारसा लक्षात घेत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली त्याला अनुसरून चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे कायदेशीर हक्क कागदावर मिळालेला होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे शिस्तीने तळ्यावर गेली व त्यांनी पाणी प्राशन केले. नवीन काही मागितले नाही. विधिमंडळाने आणि नगरपालिकेने जे दिले होते तेच घेतले. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात हे लोक शिरणार अशी अफवा उठली आणि परत निघालेल्या, जेवत बसलेल्या माणसांवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. येथेही ठराव आधी झाला होता आणि मारहाण नंतर झाली, हे ध्यानात घ्यावे.

परिषदेला आलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले पुष्कळ होते. बंदूक आणि काठी त्यांना नवीन नव्हती. संख्याही कमी नव्हती. बाबासाहेबांचा एक शब्द आला असता तर महाडमध्ये काय झाले असते याची कल्पना करवत नाही. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. प्रतिहल्ला करू दिला नाही. फिर्याद झाली, खटला चालला, हल्लेखोरांपैकी काहींना सक्तमजुरीची शिक्षा झाली. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला तेव्हा विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. हजारो माणसे तळ्याकडे जाण्याच्या तयारीने जमली होती, कित्येकांची तुरुंगात जाण्याची तयारी होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. परंतु तळ्यावर जाण्याचे तहकूब करण्यात आले. न्यायालयाने तात्पुरता का होईना हुकूम दिला आहे, दावा लढवू, अशी भूमिका घेण्यात आली. तो दावा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जाऊन मार्च १९३७ मध्ये आपल्या बाजूने संपला. म्हणजे दहा वर्षे लागली.

या दहा वर्षांचे कौतुक करताना आपण एक गोष्ट झाकून ठेवतो. न्यायालयाच्या एका तात्पुरत्या हुकुमासाठी तयारीने आलेल्या जमावाला परत पाठविणे ही नेत्याच्या दृष्टीने अतिशय अवघड गोष्ट असते. जमलेल्यांपैकी अनेकांना ते पटले नसणार. तो राग बाबासाहेबांनी स्वतःवर घेतला.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत केलेल्या भाषणात त्यांनी हाच मुद्दा तत्त्वाच्या पातळीवर मांडला. जोपर्यंत सनदशीर मार्ग खुले नव्हते तोपर्यंत असनदशीर मार्गांना काही समर्थन होते. ते मार्ग खुले झाल्यावर रक्तपात, असहकार, सत्याग्रह हे सारे सोडून दिले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. जो सत्याग्रह त्यांनी स्वतः महाडला आणि नाशिकला केला, त्याचाही यात समावेश आहे! त्याच भाषणात राजकारणातील भक्ती शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा इशाराही होता. पुढे २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात वकिलांपुढे बोलताना त्यांनी लोकशाहीची जी व्याख्या केली, तिच्यात निवडणुकीचा उल्लेखही नाही. लोकांच्या आर्थिक व सामाजिक जीवनात क्रांतिकारक बदल रक्तपाताशिवाय घडवून आणणारी शासनपद्धती ती लोकशाही, असा त्या व्याख्येचा आशय आहे. या व्याख्येला दोन बाजू आहेत. रक्तपात नको, हे एक. पण बदलही झाला पाहिजे, आणि तो क्रांतिकारक असला पाहिजे, हे दुसरे. शांतता आहे आणि बदल नाही, अशा गावाला या व्याख्येप्रमाणे लोकशाही म्हणता येणार नाही. अभ्यासवर्गातील त्या मुलाच्या प्रश्नाला बळ मिळते ते या दुसऱ्या बाजूने.

तथागतांच्या चरित्रातील एक प्रसंग येथे आठवतो. सिद्धार्थाच्या गृहत्यागाची चार दृश्यांची जुनी कथा बाबासाहेबांना पटली नव्हती. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी हा प्रसंग वेगळा मांडला आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा पेटला. शाक्यांच्या सेनापतीने संघाच्या सभेत युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने विरोध केला व उपसूचना दिली: दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी तंटा सोडवावा. मत घेतले गेले. उपसूचना प्रचंड बहुमताने पडली, युद्धाचा ठराव मंजूर झाला. सिद्धार्थाने सभा उधळली नाही, आपले तरुण गोळा करून वेगळी फळी उभारली नाही. आणि बहुमत झाले म्हणून हातात शस्त्रही घेतले नाही. युद्धात जाणार नाही, त्याची जी शिक्षा असेल ती भोगीन, असे त्याने संघाला सांगितले, आणि संघ अडचणीत येऊ नये म्हणून स्वतःच परिव्रज्या पत्करली. मतदानात हरलेल्या माणसाने कसे वागावे याचा याहून स्पष्ट दाखला निदान या लेखकाला ठाऊक नाही.

भिक्षुसंघातही वाद कमी नव्हते. कोसंबीच्या भिक्षूंचे भांडण तर प्रसिद्धच आहे. वाद मिटेना तेव्हा शलाका वाटून बहुमत घेण्याची रीत विनयात दिली आहे. शलाका म्हणजे लाकडाच्या काड्या. त्या वाटणारा भिक्षू पक्षपाती नसावा, भित्रा नसावा, अशी अट होती. मत गुप्तपणे, उघडपणे किंवा कानात सांगून घेता येत असे. अडीच हजार वर्षांपूर्वी मतपेटीच्या जागी काडी होती आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या जागी निःपक्षपाती भिक्षू होता. बाबासाहेबांनी घटना समितीत या नियमांचा मुद्दाम उल्लेख केला होता, कारण लोकशाही ही परदेशातून आणलेली वस्तू आहे असा समज तेव्हाही होता.

आता आपल्या आठवणीतील गोष्ट घेऊ. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत एकमताने संमत झाला. एकमताने, हा शब्द लक्षात ठेवावा. आणि लगेच मराठवाड्यात घरे जळू लागली. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना जिवंत जाळले गेले. दलित वस्त्या उठल्या, माणसे गाव सोडून शहराकडे पळाली. सभागृहात हात वर करणारे पक्ष गावात गेल्यावर गप्प बसले. त्यानंतरची सोळा वर्षे सत्याग्रह, लाँग मार्च, तुरुंग यांत गेली, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. सोळा वर्षे ज्यांनी ही चळवळ चालविली त्यांच्यापुढे जळलेल्या घरांचा सूड घेण्याचा मार्ग नव्हता असे नाही. त्यांनी ठरावाची अंमलबजावणी मागितली. महाडला जे झाले तेच येथे झाले: सभागृहात हरलेल्यांनी किंवा मनाविरुद्ध होय म्हटलेल्यांनी निर्णय रस्त्यावर फिरविण्याचा प्रयत्न केला आणि तो शेवटी फसला, पण त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

येथे आपल्याच घरात डोकावणे भाग आहे. १ जानेवारी २०१८ रोजी भीमा कोरेगाव येथे अभिवादनासाठी गेलेल्या माणसांवर हल्ला झाला. तो रस्ता आपलाच, पुणे-नगरचा. ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला. बहुसंख्य माणसे शांतपणे रस्त्यावर बसली होती, हे प्रत्यक्ष पाहिलेले आहे. परंतु काही ठिकाणी बसगाड्यांच्या काचा फुटल्या, आणि फोडणारा आपला म्हटल्यावर टपरीवरची ती तीन वाक्ये आपल्या ओट्यावरही ऐकू आली. "त्यांनी आधी केले म्हणून." पुढे काय झाले? गुन्हे दाखल झाले ते बहुतेक विद्यार्थी आणि रोजंदारीवरच्या तरुणांवर. शासकीय नोकरीत निवड झालेल्या मुलाची चारित्र्य पडताळणी होते, पारपत्रासाठी पोलीस अहवाल जातो, तेव्हा तो गुन्हा समोर येतो. खटले मागे घेण्याच्या घोषणा होतात, पण घोषणा झाल्यावरही प्रत्येक खटल्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते व त्यात वर्षे जातात. विद्यार्थ्यांनी हे तरी व्यवहार म्हणून ध्यानात ठेवावे.

हिंसेच्या भीतीचा आणखी एक परिणाम आपल्या जिल्ह्यात पाहावयास मिळतो. निवडणूक म्हणजे भांडण, म्हणून निवडणूकच नको, अशी समजूत. 'गाव बिनविरोध' झाले की पेढे वाटतात. डिसेंबर २०२० मध्ये पारनेरच्या तत्कालीन आमदारांनी बिनविरोध ग्रामपंचायतींना २५ लाख रुपयांचा विकासनिधी जाहीर केला होता. हेतू चांगलाच असेल. परंतु बिनविरोध ठरते कोठे? देवळाच्या पारावर किंवा एखाद्याच्या वाड्यात, जेथे आपल्या वस्तीतील बाई बोलावल्याशिवाय जाऊ शकत नाही आणि गेली तरी मागेच बसते. नाव गेले म्हणून शांतता झाली असे दिसते, पण ज्याचे नाव मागे घ्यायला लावले त्याचे म्हणणे मनातच राहते. नगर तालुक्यातील हिवरे बाजार सुमारे तीस वर्षे बिनविरोध होते. जानेवारी २०२१ मध्ये तेथे निवडणूक झाली, पोपटराव पवार यांच्या गटाने सर्व सातही जागा जिंकल्या, आणि गाव मोडले नाही. निवडणूक झाली म्हणून आदर्श गावाला काही कमीपणा आला, असे या लेखकास वाटत नाही. उलट ते आता मोजून सिद्ध झाले.

पुण्याच्या त्याच १९५२ च्या भाषणात बाबासाहेबांनी लोकशाहीसाठी ज्या गोष्टी आवश्यक म्हणून सांगितल्या, त्यांत विरोधी पक्ष, कायद्यापुढे समानता, अल्पमतावर बहुमताची जुलूमशाही नसणे यांबरोबर शेवटी सार्वजनिक सदसद्विवेकबुद्धी येते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने ओरडावे यात विशेष नाही. ज्याच्यावर झालेला नाही त्यानेही अस्वस्थ व्हावे, ही ती बुद्धी होय. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांसाठी झगडणाऱ्या रेव्हरंड स्कॉट या गोऱ्या धर्मोपदेशकाचे उदाहरण त्यांनी दिले होते, आणि आपल्याकडे अस्पृश्यांसाठी असे कोण पुढे येते, असे विचारले होते.

आपल्या जिल्ह्यातील खर्डा (ता. जामखेड) येथे २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा दिवसाढवळ्या मारहाण करून खून झाला. मारहाण शाळेच्या आवारातून सुरू झाली होती, म्हणजे पाहणारे होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये जिल्हा न्यायालयात सर्व आरोपी निर्दोष सुटले. अनेक साक्षीदार खटल्यात फितूर झाले होते. त्या साक्षीदारांना दोष देणे सोपे आहे. त्यांना त्याच गावात राहावयाचे होते, त्याच दुकानातून माल आणावयाचा होता, त्याच शेतात मजुरीला जावयाचे होते. अभ्यासवर्गातील मुलाने 'सनदशीर मार्गाने काय मिळाले' असे विचारले तेव्हा त्याच्या मनात खर्डाच असणार. त्याला एवढेच सांगता येते की तेथे कायद्याचा मार्ग अपुरा होता म्हणण्यापेक्षा त्या मार्गावरून चालणाऱ्या साध्या माणसाला कोणी सोबत दिली नाही. ती सोबत देण्याचे काम मात्र संस्थेसारखी संस्था करू शकते, आणि त्यासाठी थोडी माहिती असावी लागते.

५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली व ती सर्व राज्यांना लागू केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ नेही प्रत्येक राज्याने अशी योजना करावी असे बंधन घातले आहे. योजनेनुसार जिल्ह्यात एक समिती असते. जिल्हा व सत्र न्यायाधीश तिचे अध्यक्ष, जिल्ह्याचे पोलीस प्रमुख सदस्य आणि सरकारी वकिलांचे जिल्ह्यातील प्रमुख सदस्य-सचिव असतात. साक्षीदाराने स्वतः, त्याच्या कुटुंबीयाने किंवा वकिलाने ठराविक नमुन्यात सदस्य-सचिवांकडे अर्ज करावयाचा असतो. त्यावर पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडून धोक्याचा अहवाल मागविला जातो, तो पाच कामकाजाच्या दिवसांत द्यावयाचा असतो. साक्षीच्या दिवशी न्यायालयात सोबत नेणे-आणणे, घराजवळ गस्त, साक्षीदार व आरोपी समोरासमोर येणार नाहीत अशी व्यवस्था, गरज पडल्यास काही काळ दुसरीकडे राहण्याची सोय, असे उपाय त्यात आहेत. हे संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपर्यंत दिले जाते. खर्ड्याच्या खटल्यात साक्षी झाल्या तेव्हा ही योजना अस्तित्वात नव्हती.